बॅटरीवाला कुलोम आणि तीन किलोमीटर खोल भोक

तुमच्या मोबाईलच्या बॅटरीवर बारीक अक्षरात ५००० एमएएच असं काहीतरी छापलेलं असतं. त्याचा हिशोब करून बघा. ५००० मिलीअँपिअर म्हणजे ५ अँपिअर, तासाचे सेकंद ३६००, दोन्हींचा गुणाकार १८,०००. म्हणजे पूर्ण चार्ज झालेली ही बॅटरी १८,००० कुलोम एवढा विद्युतप्रभार पुरवू शकते. हा कुलोम म्हणजे शार्ल ऑगस्टिन दि कुलोम. सायन्सला असाल तर पुस्तकात त्याचा नियम भेटलाच असेल: दोन प्रभारांमधलं अंतर दुप्पट केलं की त्यांच्यातलं बल चौथाई होतं. एक व्याख्या, एक गणित, आणि धडा पुढे सरकतो.

पण तेलाची विहीर खोदणाऱ्या इंजिनिअरला कुलोम माहीत असतो तो वेगळ्याच कारणानं. त्याच्या कॉम्प्युटरवर मोर-कुलोम नावाचं एक सूत्र कायम चालू असतं. (यातला मोर म्हणजे पक्षी नाही, ओटो मोर नावाचा जर्मन इंजिनिअर.) या सूत्राचा विजेशी काडीचाही संबंध नाही. जमिनीत पाडलेलं भोक उभं राहील की ढासळेल, एवढंच ते सांगतं. आणि मित्रांनो, गंमत अशी की कुलोमनं हे काम विजेला हात लावायच्या दहा-बारा वर्षं आधी करून ठेवलं होतं. तेव्हा तो लष्करातला बांधकाम इंजिनिअर होता आणि आठ वर्षं परदेशात राबून, तब्येत घालवून नुकताच घरी परतला होता.

भोक ढासळतं म्हणजे काय, हे वाशीम जिल्ह्यातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. रिसोड असो की मानोरा, शेतात बोअरची गाडी आली की पहिला वाद केसिंगवरून होतो. किती फूट टाकायचं? वरची काळी माती आणि तिच्याखालचा मुरूम सुटा असतो, तिथं पाईप लागतोच. खाली काळा पाषाण लागला की भोक आपल्या ताकदीवर उभं राहतं. पण आपला खडक म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल गेरूसारखा मऊ पट्टा निघतो. त्याला पाणी लागलं की तो फुगतो, सुटतो आणि भोकात उतरतो. मग हातोडा आत अडकतो, नाहीतर महिन्याभरानं मोटर खाली सोडायला जावं तर ती मध्येच टेकते. बोअर धसला, असं आपण म्हणतो आणि नशिबाला बोल लावतो. तेलाच्या विहिरीत हेच होतं, फक्त तिथं खोली किलोमीटरमध्ये मोजतात आणि अडकलेल्या एका दिवसाचा खर्च ऐकला तर डोळे पांढरे होतील.

घरी भांडून गणित धरलं

कुलोमचा जन्म १४ जून १७३६ चा, फ्रान्समधल्या अंगुलेम गावातला. पुढे कुटुंब पॅरिसला आलं, चांगल्या कॉलेजात शिक्षण झालं आणि पोराला गणिताचं वेड लागलं. आईची इच्छा होती की यानं डॉक्टर व्हावं. हा ऐकेना. भांडण इतकं वाढलं की तिनं त्याचा खर्च बंद केला. तिकडे वडिलांनी सट्टेबाजीत पैसा घालवला होता आणि ते दक्षिणेत माँपेलिएला निघून गेले होते. कुलोम त्यांच्याकडे गेला. तिथल्या विज्ञानसभेत १७५७ मध्ये, म्हणजे एकविसाव्या वर्षी, त्याला प्रवेश मिळाला. मान मिळाला, पण त्यावर पोट भरत नव्हतं.

पैसा नसलेल्या हुशार पोराला तेव्हा एक वाट होती, लष्करी इंजिनिअरिंगची. मेझिएर गावची शाळा त्यासाठी नावाजलेली. १७६० मध्ये तो तिथं दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी लेफ्टनंट होऊन बाहेर पडला. किल्ले बांधायचे, नकाशे काढायचे, बंदरं सांभाळायची. गणित मागे पडलं असं कुणालाही वाटलं असतं.

मार्टिनिकची आठ वर्षं

कॅरिबियन समुद्रात मार्टिनिक नावाचं छोटं बेट आहे. उसाच्या मळ्यांमुळे फ्रान्सला ते सोन्याहून पिवळं. १७६२ मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं आणि १७६३ च्या तहात परत दिलं. पुन्हा हातातून जाऊ नये म्हणून डोंगरावर भक्कम किल्ला बांधायचं ठरलं. तिथं जायचं म्हणजे तापाशी गाठ. जो इंजिनिअर जाणार होता तो आजारी पडला आणि १७६४ च्या फेब्रुवारीत त्याच्या जागी कुलोमला जहाजात बसवलं. वय २७.

तो तिथं राहिला १७७२ पर्यंत. फोर्ट बोर्बों नावाचा तो किल्ला त्याच्या देखरेखीखाली उभा राहिला. या काळात तो अनेकदा गंभीर आजारी पडला आणि तब्येत जी गेली ती उरलेल्या आयुष्यात धड परत आली नाही. पण या माणसाला सगळं मोजायची सवय होती. तिथल्या उष्णतेत माणसाच्या हातून दिवसाला किती काम होतं, याच्याही नोंदी त्यानं ठेवल्या आणि निष्कर्ष काढला की थंड फ्रान्समध्ये जेवढं होतं त्याच्या निम्मंही होत नाही. मे महिन्यात विदर्भात स्लॅबच्या कामावर गेलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागणार नाही. मजूर आळशी आहेत असं म्हणून मोकळा होणारा साहेब तो नव्हता, एवढं या नोंदींवरून नक्की दिसतं.

किल्ल्याच्या कामात त्याला छळणारा प्रश्न मात्र मातीचा होता. डोंगर कापून सपाटी करायची तर मागच्या भरावाला धरून ठेवणारी भिंत लागते. माती त्या भिंतीला सतत ढकलते. भिंत बारीक केली तर एखाद्या पावसाळ्यात ती आडवी होणार. जाड केली तर राजाचा पैसा दगडात जाणार. किती जाडी पुरे? तेव्हाचे इंजिनिअर जुने तक्ते बघून ठरवायचे: इतकी उंची, तर इतकी जाडी. माती वाळूची आहे की चिकणमातीची, हे तक्त्याला कळत नव्हतं. कुलोमला हा अंदाजपंचे कारभार पटेना. त्यानं स्वतःच्या कामापुरता हिशोब मांडायला सुरुवात केली.

सोयाबीनचा ढीग आणि काळी माती

परतल्यावर त्यानं तो हिशोब नीट लिहून काढला आणि १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला. छापून आला १७७६ मध्ये. त्यात तुळया, खांब, कमानी आणि मातीच्या भिंती, चारही विषय एकाच लेखात आहेत. आपल्याला हवा आहे तो मातीचा भाग.

बाजार समितीत सोयाबीनचा ढीग पाहिलाय ना? कितीही ओता, ढिगाची बाजू एका ठरावीक उताराच्या पुढे उभी राहत नाही, दाणे घरंगळतात. दाण्याला दाणा चिकटत नाही, तो फक्त घासतो. म्हणजे इथं ताकद आहे ती निव्वळ घर्षणाची. आता काळ्या मातीत चर खणा. तिची बाजू सरळ उभी राहते, कारण कण एकमेकांना धरून असतात. ही ताकद चिकटपणाची.

कुलोमनं सांगितलं की जमिनीची ताकद या दोन्हींची बेरीज असते. चिकटपणा हा त्या मातीचा किंवा खडकाचा स्वतःचा, त्याला दाबाशी देणंघेणं नाही. घर्षण मात्र दाबावर अवलंबून: दोन पृष्ठभाग जितके जोरानं एकमेकांवर दाबले जातील, तितके ते घसरायला अवघड. एका ओळीत लिहायचं तर ताकद बरोबर चिकटपणा अधिक दाब गुणिले घर्षणांक. बस्स. आज जगभरातल्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पोरांना पाठ असलेलं सूत्र ते हेच.

पण मला त्याच्या लेखात खरी कमाल वाटते ती पुढच्या पायरीची. भिंतीमागची माती घसरेल तर कोणत्या रेषेवरून घसरेल? रेषा अगणित काढता येतात, उभी, आडवी, तिरकी. कुलोमनं प्रत्येक रेषेचा हिशोब करत बसायचं नाकारलं. कॅल्क्युलसमध्ये कमाल आणि किमान किंमत काढायची पद्धत असते (बारावीला तुम्हीही शिकता आणि हे कुठं वापरायचं म्हणून वैतागता). ती लावून त्यानं एकच रेषा शोधली, ज्या रेषेवरून घसरणारी माती भिंतीला सगळ्यात जास्त ढकलते. जमीन सरासरीनं मोडत नाही, ती तिच्या सगळ्यात अडचणीच्या रेषेवर मोडते. तेवढी एक रेषा सांभाळली की बाकीच्या आपोआप सांभाळल्या जातात.

लेख गाजला का? नाही. थोडं कौतुक झालं, अकादमीशी त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला, पण पुढची काही दशकं बांधकाम करणाऱ्यांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. भाषा गणिताची होती आणि विषय गवंडीकामाचा; दोन्हीकडचे वाचक दूर राहिले असावेत.

हीच रेषा तीन किलोमीटर खाली

आता भिंत विसरा आणि उभं भोक डोळ्यांसमोर आणा. आधी साध्या विहिरीचं बघू. कच्ची विहीर बहुधा कधी ढासळते? भर पावसाळ्यात, किंवा पंप लावून झपाट्यानं उपसली की. दोन्हींमागे पाणीच आहे. विहिरीत पाणी भरलेलं असताना ते आतून भिंतीला टेकू देत असतं. उपसा केला की टेकू गेला, पण भिंतीमागच्या मातीत मुरलेलं पाणी मात्र अजून बाहेरच्या बाजूनं ढकलतंच आहे. शिवाय कणांच्या मध्ये शिरलेलं पाणी कणांना एकमेकांपासून थोडं दूर लोटतं, म्हणजे घर्षणाची ताकद कमी होते. हा शेवटचा मुद्दा कुलोमच्या हिशोबात नव्हता. तो विसाव्या शतकात कार्ल टेरझागी यानं पक्का केला.

तेलाच्या विहिरीत आतला टेकू द्यायचं काम गाळ करतो, इंग्रजीतला मड. बोअरच्या गाडीला हवेचा कॉम्प्रेसर पुरतो, कारण पाषाण कणखर आणि खोली कमी. तेल मात्र गाळाच्या खडकांत सापडतं. तिथं पाणी किंवा तेल, माती आणि जड भुकटी यांचं मिश्रण पाईपातून खाली सोडतात. ते बिटला थंड ठेवतं, खडकाचा चुरा वर आणतं आणि भोकाच्या भिंतीला आतून दाबून धरतं.

थोडे आकडे. ३००० मीटर खोलीवर नुसत्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० किलो होतो. म्हणजे तुमच्या नखाएवढ्या जागेवर तीन-चार पोती कापसाची नव्हे, सिमेंटच्या सहा गोण्या. पाण्याच्या १.२ पट जड गाळ भरला तर ३६०. आणि वरच्या खडकाचं ओझं, खडक पाण्याच्या २.४ पट जड धरला तर, ७२०.

जमीन अखंड होती तेव्हा हे ओझं सगळीकडून पेललं जात होतं. आपण मधला गाभा काढून घेतला. आता त्या गाभ्यावरचा भार भोकाच्या कडेनं वळसा घालून जातो, नदीतल्या खांबाला पाणी वळसा घालतं तसा, आणि कडेला गर्दी होते. ही गर्दी किती, हे १८९८ मध्ये कीर्श नावाच्या जर्मन इंजिनिअरनं काढलं. आजूबाजूचा आडवा दाब सगळीकडून सारखा, समजा ५०० असेल आणि भोक रिकामं असेल, तर भोकाच्या कडेला खडक १००० नं चिमटला जातो, आणि भोकाच्या बाजूनं टेकू शून्य. त्याच भोकात ३६० दाबाचा गाळ भरला तर चिमटा ६४० वर येतो आणि टेकू ३६० होतो. फरक १००० चा होता तो २८० वर आला. एवढा फरक या खडकाला झेपेल का? इथं कुलोमचं सूत्र लागतं: चिकटपणा किती, घर्षण किती, सगळ्यात अडचणीची रेषा कोणती.

मग वाटेल, गाळ हवा तेवढा जड करा आणि निवांत झोपा. तसं चालत नाही. दाब फार वाढला की भिंतीचा चिमटा कमी होत होत उलट ताण सुरू होतो, आणि खडक ताणाला फारच कच्चा. तो फाटतो, गाळ भेगेतून जमिनीत पळून जातो, भोकातली पातळी घसरते आणि टेकू पुन्हा गेला. दाब कमी ठेवला तर भिंत ढासळते, किंवा खडकातला वायू भोकात शिरतो. हा दाब हाताबाहेर गेला तर काय होतं हे आंध्र प्रदेशातल्या पासर्लापुडीला १९९५ च्या जानेवारीत दिसलं. ओएनजीसीच्या विहिरीतून वायू उसळला, पेटला आणि आग ६५ दिवस चालली. म्हणून गाळाच्या वजनाला खालची एक आणि वरची एक मर्यादा असते, आणि त्या दोघींच्या मधल्या पट्ट्यातच राहावं लागतं. काही ठिकाणी हा पट्टा ऐसपैस असतो, काही ठिकाणी इतका अरुंद की पाईप जरा घाईनं वर ओढला तरी खाली पिचकारीसारखी ओढ तयार होऊन दाब पट्ट्याबाहेर जातो.

नुसतं वजन जमलं तरी काम संपत नाही. मुंबई हाय, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात, १९७४ मध्ये सागर सम्राट या जहाजवजा रिगनं शोधलेलं. तिथलं तेल मुख्यतः चुनखडीत आहे, पण चुनखडीपर्यंत पोचायला शेलचे थर ओलांडावे लागतात. शेल म्हणजे चिकणमातीचा दगड. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कारण तिच्यात पाणी पिऊन फुगणारी खनिजं असतात. अनेक शेलमध्ये त्याच घराण्यातली खनिजं असतात. गाळातलं पाणी शेलमध्ये मुरलं की तो फुगतो, चिकटपणा गमावतो आणि काही तासांत किंवा दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी गळायला लागतो. उपाय म्हणून गाळात पोटॅशियमचं मीठ घालतात, किंवा पाण्याऐवजी तेलाचा गाळ वापरतात, आणि तो थर ओलांडला की वेळ न घालवता केसिंग उतरवून सिमेंट करतात. आणि बघा, गाळ घट्ट करायला जी माती घालतात ती बेंटोनाइट, म्हणजे पुन्हा तीच फुगणारी माती. गाळ जड करायला लागते बॅराइटची भुकटी. तिचा देशातला मोठा साठा आंध्रातल्या मंगमपेटला आहे.

समुद्रात आणखी एक अडचण. एका प्लॅटफॉर्मवरून अनेक विहिरी पाडायच्या, म्हणजे बहुतेक तिरक्या. तिरक्या भोकाच्या पाठीवर वरचा भार बसतो, त्यामुळे उभ्या विहिरीत चाललेलं गाळाचं वजन तिरकीत चालेलच असं नाही. एकच खडक, एकच खोली, फक्त कोन बदलला, तर सगळ्यात अडचणीची रेषाही बदलते.

घासणं आणि पिळणं

कुलोमकडे परत येऊ, कारण रिगवर त्याचं आणखी काही सापडतं. १७७९ च्या सुमारास त्याची नेमणूक रोशफोरला झाली, तिथं जहाजं बांधायची गोदी होती. लाकूड लाकडावर, लोखंड लाकडावर, कोरडं, चरबी लावलेलं, असे घर्षणाचे प्रयोग त्यानं प्रत्यक्ष कामातल्या वजनांवर केले. एक गोष्ट त्याच्या लक्षात आली: वस्तू जितका वेळ एका जागी टेकून राहील, तितकी ती हलवायला जास्त जोर लागतो. या कामाला १७८१ मध्ये अकादमीचं बक्षीस मिळालं आणि त्याच वर्षी तो अकादमीचा सदस्य झाला. तिरक्या विहिरीत पाईप भिंतीला घासत जातो, तेव्हा किती जोर लागेल याचा हिशोब आजही कुलोमच्या घर्षणानंच होतो. रिगवर पाईप फार वेळ स्थिर ठेवायचा नाही हा दंडकही आहे. त्याचं कारण थोडं वेगळं (गाळाचा दाब पाईपला भिंतीवर चिकटवून टाकतो), पण कुलोमला ऐकून नवल वाटलं नसतं.

१७८४ मध्ये त्यानं बारीक तारेचं पिळणं मोजलं. पीळ जितका जास्त, उलट ओढ तितकी जास्त, हा साधा नियम. तारेची जाडी दुप्पट केली तर ही ओढ सोळा पट. याच तारेला टांगून त्यानं पीळतराजू बनवला आणि १७८५ पासून विजेचे ते प्रसिद्ध प्रयोग केले. आता तीन किलोमीटर लांब पाईप मनात आणा. इतक्या लांबीला पोलादही दोऱ्यासारखं वागतं: वरून फिरवलं तरी खालचं बिट लगेच फिरत नाही, आधी पाईपाला पीळ बसतो. वरच्या यंत्राला लागणारा पिळाचा जोर अचानक वाढायला लागला, तर अनुभवी ड्रिलर आधी शंका घेतो ती भिंतीवर: खाली काहीतरी गळून पाईपाभोवती साचतंय. बक्षीस मिळालं घर्षणाला, नाव झालं विजेनं, आणि तिन्ही कामं एकत्र नांदताना दिसतात ती विहिरीवर.

मधल्या काळात एक प्रकरण झालं. ब्रिटनी प्रांतात कालवे आणि बंदरांची मोठी योजना होती. १७८३ मध्ये कुलोमला तपासणीला पाठवलं. त्यानं योजनेवर टीका केली. ज्यांचे पैसे आणि प्रतिष्ठा तिच्यात गुंतली होती त्यांना ते रुचलं नाही. मंत्र्याच्या परवानगीशिवाय गेला असं कारण दाखवून त्याला आठवडाभर तुरुंगात टाकलं. त्यानं राजीनामा दिला, तो स्वीकारला नाही. पुढे ब्रिटनीवाल्यांना त्याचं म्हणणं पटलं आणि त्यांनी मोठी भरपाई देऊ केली, पण त्यानं फक्त सेकंदकाटा असलेलं एक घड्याळ घेतलं आणि ते प्रयोगांना वापरलं, अशी कथा सांगतात. कथा जरा जास्तच गोड आहे, पण तुरुंगवास खरा आहे.

१७८९ ला क्रांती झाली. त्यानं लष्कराची नोकरी सोडली. १७९३ मध्ये अकादमीच बंद झाली, आणि मीटर-किलोग्रॅम ठरवणाऱ्या समितीतूनही त्याला काढलं. मित्र बोर्दाबरोबर तो पॅरिस सोडून ब्लुआजवळच्या घरी जाऊन राहिला आणि तिथंही प्रयोग करतच राहिला. वातावरण निवळल्यावर परतला. शेवटची काही वर्षं तो शिक्षण खात्यात निरीक्षक म्हणून शाळा तपासत फिरत होता. २३ ऑगस्ट १८०६ ला पॅरिसमध्ये त्याचं निधन झालं. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचं नाव आहे. मार्टिनिकचा किल्लाही आहे, आता त्याला फोर्ट देसे म्हणतात.

कोयनेच्या काठचं भोक

वाशीमच्या पोटात आजवर तेल सापडलेलं नाही. दख्खनच्या लाव्हाखाली काही भागात जुने गाळाचे खडक दडलेले आहेत आणि तिथं तेल-वायू असेल का याचा शोध घेतला गेला आहे. पण लाव्हाच्या पोटात खोल उतरून भोकाची भिंत कशी वागते हे महाराष्ट्रात बघायचं असेल तर कोयनेला जावं लागतं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हापासून तिथं लहानमोठे धक्के चालूच आहेत. त्यांची जागा फार खोल नाही, म्हणून तिथवर भोक पाडून थेट मोजमापं घ्यायची योजना केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानं आखली आणि कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी केली. आधी दीड किलोमीटरपर्यंतच्या चाचणी विहिरी झाल्या. मग गोठणे इथली तीन किलोमीटरची विहीर २०१७ मध्ये पुरी झाली. वरचा साधारण सव्वा किलोमीटर आपलाच काळा लाव्हा, आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक.

इथं तेल काढायचं नव्हतं, त्यामुळे भिंत थोडी गळली तर ती नोंद ठरते. कारण जमिनीतला आडवा दाब सगळ्या दिशांना सारखा नसतो. जास्त दाबाची दिशा असते, तिच्या काटकोनात भोकाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर चिमटा सगळ्यात जास्त बसतो, आणि कुलोमच्या सूत्रानं हिशोब केला तर खडक आधी तिथंच सुटायला हवा. भोकात उपकरण सोडून भिंतीचं चित्र घेतात, तेव्हा गोल पाडलेलं भोक काही खोलींवर लांबट झालेलं दिसतं. गोठण्याच्या विहिरीतही भिंतीच्या अशा खुणा मिळाल्या. लांबट बाजूची दिशा होकायंत्राच्या अंशांत लिहायची, तिला काटकोन काढायचा, आणि कोयनेखालची जमीन कोणत्या दिशेनं आवळली जाते आहे ते मिळतं.